शेकाट्यांचं पाणी आम्ही सोडलं

अन्याय झाला शेकाट्या पक्ष्यांच्या सात जोड्यांवर. गेल्या वर्षी, वैशाखाच्या अमावास्येला, दुपारी पावणेदोनच्या भरतीला. जागा: डोंबिवली पश्चिमेची खाडी, बांधाआडचा पडीक खार. करणाऱ्यांत मी होते.

कोणावर झालं आणि केव्हा झालं ते पहिल्या ओळीत सांगायचं, बाकीचं रडगाणं नंतर, हे मला बाबांनी शिकवलं. मी लहान असताना आम्ही ठाण्यात वर्तकनगरच्या मागे चाळीत राहायचो. पाणी एक दिवसाआड यायचं आणि व्हॉल्व्हची चावी एका माणसाच्या खिशात असायची. त्याची मर्जी फिरली की आमच्या गल्लीचं पाणी वीस मिनिटांत बंद. बाबा त्याच्याविरुद्ध पत्रकं काढायचे. हाताने लिहायचे, झेरॉक्स काढून आणायचे, आणि मी ती दोन घड्या घालून दारोदार टाकायचे. कोंडलेलं पाणी दिसलं की माझं डोकं फिरतं, ते तेव्हापासून. हे सबब म्हणून सांगत नाही. पण पुढे जे झालं त्यात ह्याचा हात आहे.

नंतर आम्ही ठाकुर्लीला राहायला आलो. कॉलेजात असतानाच मी खाडी वाचवणाऱ्या एका गटात गेले. गट कसला, सात-आठ जण आणि एक बॅनर. पत्रकं लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

आता खार. खाडीच्या कडेला मातीचा बांध घालून आत भात लावायचे, त्या जमिनीला इथले आगरी लोक खार म्हणतात. बांधात एक दार असतं, ती उघाडी. दोन बाजूंना दगडात खाचा आणि त्यांत एकावर एक सरकवलेल्या लाकडी फळ्या. फळ्या काढल्या की भरतीचं पाणी आत, बसवल्या की बाहेर. ह्या खारात भात लावणं कधीच बंद पडलेलं. आत घोटाभर पाणी, मध्ये मध्ये चिखलाचे उंचवटे, त्यावर खुरटं गवत. पलीकडच्या टोकाला तिवरांची, म्हणजे खारफुटीची रांग, तीही पिवळी पडलेली. एका कोपऱ्यात मानपाड्याकडून आलेल्या डंपरांनी टाकलेला राडारोडा. आम्ही तेवढंच बघितलं. तिवरं मरतायत, कारण पाणी अडवलंय. पाणी अडवलंय, म्हणजे कोणाला तरी जमीन सुकवून इमारत उभी करायचीय. झालं पत्रक तयार. “खाडीचं पाणी मोकळं करा. बांध तोडा.”

पत्रकावर आम्ही फ्लेमिंगो छापला. त्या खारात फ्लेमिंगो कोणी बघितलेला नव्हता. पण लोक फ्लेमिंगोवर सही करतात. जो पक्षी तिथे खरंच होता त्याला ओळखणारं आमच्या गटात कोणी नव्हतं, मला धरून.

तो शेकाट्या. आता मला तो पाठ आहे. अंग कबुतराएवढं, पांढरंशुभ्र. पंख काळे, नराचे उन्हात हिरवट चमकतात, मादीची पाठ जरा तपकिरी. चोच काळी, सरळ, दाभणासारखी बारीक. डोळा लाल. आणि पाय. पायांबद्दल बोलताना मला अजून हसू येतं, कारण ते त्याच्या अंगाला शोभतच नाहीत. लांबच लांब, काडीसारखे, उकडलेल्या कोलंबीच्या रंगाचे. उडताना ते शेपटीच्या मागे लोंबत जातात, कोणीतरी धागा ओढत न्यावा तसे. पण हेच पाय त्याचं पोट भरतात. दुसरे छोटे पाणपक्षी चिखलाच्या कडेने पळतात, हा पोटापर्यंतच्या पाण्यात निवांत चालतो. एक पाय अलगद उचलतो, पाणी न ढवळता पुढे ठेवतो, आणि पाण्यावरचा किडा टिपतो. डासांच्या अळ्या, पाण्यातले भुंगे, बारीक गोगलगायी, चिखलातले किडे, नखाएवढी कोलंबी. कधी कधी अख्खं डोकं पाण्यात घालतो. कोरड्यावर काही टिपायचं असेल तर मात्र पंचाईत, पाय दुमडून असा वाकतो की आता पडेल असं वाटतं. त्याला घोटाभर, फार तर वीतभर पाणी लागतं. सुकलेला खार त्याच्या कामाचा नाही आणि भरलेली खाडीही नाही. मधलं पाणी. ते पाणी आता ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात किती ठिकाणी उरलंय ते तुम्हीच लोकलच्या खिडकीतून बघा.

गेल्या वर्षी चैत्रात मी फोटो काढायला एकटी बांधावर गेलेले. उतरून आत चालायला लागले तर एकदम “किक-किक-किक” असा गलका. तीन-चार शेकाटे डोक्यावर घिरट्या घालायला लागले. आणि त्यातला एक माझ्या समोर दहा पावलांवर पडला. एक पंख चिखलावर घासटत, पाय वाकडे टाकत, लंगडत पुढे जायला लागला. मी मोबाईल काढला आणि त्याच्या मागे मागे गेले. तो पडायचा, उठायचा, पंख फडफडवायचा. मला खरंच रडू आलं. मिनिटभराचा व्हिडिओ झाला. त्याच जागेवर उभं राहून मी खाली ओळ लिहिली, “राडारोड्यामुळे जखमी झालेला हा मुका जीव तुमच्याकडे न्याय मागतोय,” आणि गटावर टाकून दिला.

मागून आवाज आला, “का गो पोरी, त्याच्या मागं कं लागलीस?”

बांधावर एक आजी उभी होती. साडीचा काष्टा, डोक्यावर पाटी, हातात कोयता.

“आजी, त्याला लागलंय. पंख मोडलाय बहुतेक.”

ती हसायला लागली. पाटी खाली ठेवून हसली. “मोडलाय कुटं? नाटक करतंय ता. तुला लांब न्यालं बग कसं. तू आता व्हतीस ना, तिथं अंडी हाईत. मागं फिर, पन पाय बगून टाक.”

मी वळले. शेकाट्या तोपर्यंत उडून गेलेला, दोन्ही पंख धड.

आजीने मला बांधावर बसवून घरटं दाखवलं. म्हणजे बोट दाखवलं, जवळ जाऊ दिलं नाही. चिखलाचा बशीएवढा उंचवटा, काड्या, गवत, कोणाच्या तरी मखराच्या थर्माकोलचा तुकडा. त्यात चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली, चिखलाच्या रंगाची, वर काळे ठिपके. मादी परत आली. आधी पाण्यात उतरून पोट भिजवलं, मग ते लांब पाय मागे दुमडून अंड्यांवर टेकली.

“ऊन हाय ना,” आजी म्हणाली. “पोट भिजवून बसते. अंडी शिजतील नायतर.”

मी विचारलं, “हे पाणी तुम्ही अडवलंय का?”

“अरवलंय म्हंजे? ठेवलंय.”

उघाडी ती सांभाळायची. तिच्या आधी तिची सासू सांभाळायची. एरवी भरतीला फळ्या काढून जाळं लावायचं, ओहोटीला जाळ्यात येईल ती कोलंबी, निवटे पाटीत घालून बाजारात जायचं. पण पाखरं अंड्यांवर बसली की जाळं बंद. मग फळ्यांचाच हिशेब. पाणी फार आटलं तर एक फळी उचलून जरासं आत घ्यायचं, नाहीतर पिल्लांना खायला काही राहत नाही. अवस-पुनवेच्या उधाणाला मात्र सगळ्या फळ्या ठोकून बसवायच्या. चैत्रापासून आषाढ लागेपर्यंत तिच्या पाटीत स्वतःचं काही नसायचं, दुसऱ्याची मासळी घेऊन विकायची.

“का पण?” मी विचारलं.

“सासू करायची,” ती म्हणाली. पुढे म्हणाली, “दारात आलेल्याला बुरवतं का कोनी?”

मग तिने मला विचारलं, “तू ती कागदवाली ना? बांद तोराला निंगालीस ती?”

मी मान हलवली.

“तोरा. मी कोन अरवनारी? मरतात ती झारा, मला बी दिसतंय. पन आता नको गो. पाखरा उटू दे. आषाढ लागला का मीच फल्या काडून देते तुला, बांद बी तोर.”

ही मागणी होती. अडीच महिने थांबा, एवढीच. माझ्या आयुष्यात मी ऐकलेली सगळ्यात छोटी मागणी.

घरी येईपर्यंत व्हिडिओ कुठच्या कुठे गेलेला. सोसायट्यांच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, माझ्या आत्येकडे नाशिकला. लोक विचारत होते सही कुठे करायची. आमच्या गटाचा प्रमुख, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याने फोन केला. “काय जबरदस्त काम केलंस यार तू. एका दिवसात कागद संपले.”

मी त्याला सांगितलं की पक्षी जखमी नाहीये. नाटक करत होता, आत अंडी आहेत.

तो म्हणाला, “ठीक आहे ना. आता काय त्याचं स्पष्टीकरण देत बसायचं? कॉज तर खरं आहे.”

“आणि ती आजी म्हणते आषाढापर्यंत थांबा.”

“कोण आजी? बांधावरची? अगं, तिला बसवलीय तिथे कोणीतरी. पाणी अडवायला माणूस ठेवतात हे लोक. तुला माहितीये ना कसं असतं.”

मला माहीत होतं. चावी खिशात ठेवणारा माणूस मी बघितलेला. आजीचे भेगाळलेले पाय, दुसऱ्याच्या मासळीची पाटी, हे सगळं डोळ्यांनी बघून आलेली मी, दादाच्या त्या वाक्यावर मान डोलावली. फोनवर मान डोलावली, त्याला दिसली पण नाही. व्हिडिओ मी डिलीट केला नाही. खालची ओळ बदलली नाही. “हा पक्षी धडधाकट आहे, तो आपल्या अंड्यांसाठी आपल्याला फसवतोय,” एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर अर्ध्या लोकांनी तरी विचारलं असतं, मग अंड्यांचं काय? ते वाक्य मला सुचलेलं. मी लिहिलं नाही, कारण सह्या येत होत्या.

सह्यांचा गठ्ठा तहसील कचेरीत गेला. आजवर आमच्या अर्जांवर कोणी शिक्कासुद्धा धड मारत नसे, ह्या वेळी मात्र बांध तोडायची तारीख मिळाली. मी दादाला परत म्हटलं, तारीख पुढे ढकलू या. तो म्हणाला, “मिळालेली तारीख सोडतात का, वेडी आहेस का? परत कोण देणारे?” हे त्याचं खोटं नव्हतं. मी तो विषय सोडला.

त्या सकाळी ओहोटीला पोकलेन आलं. पंचवीस-तीस माणसं होतो, टोप्या, बॅनर, वडापाव. उघाडीपासून थोडं लांब बांधाला पहिला घाव बसला तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तासाभरात गाडी जाईल एवढं भगदाड झालं. फोटो झाले, दादाने भाषण केलं, अकरापर्यंत सगळे पांगले. मी थांबले. मला पाणी आत शिरतानाचा व्हिडिओ पाहिजे होता.

अवसेचं उधाण कसं येतं ते मी पत्रकात चार वेळा लिहिलेलं, बघितलं त्या दिवशी. लाट वगैरे काही नाही. खाडी नुसती फुगत जाते. भगदाडातून पाणी आलं ते आधी पन्हळीसारखं, मग रुंद, मग खारभर पसरलं. आवाज नव्हता. आवाज होता तो शेकाट्यांचा.

ते घरटी उंच करत होते. मला आधी कळलंच नाही. प्रत्येक घरट्यापाशी दोघं, एक बसलेला, एक उभा. उभा असलेला आजूबाजूची काडी, गवत, चिखल, प्लास्टिकचा कागद, जे मिळेल ते चोचीने उचलून मागे घरट्याकडे टाकायचा. बसलेला जरा उठायचा, ते अंड्यांखाली सरकवायचा, परत बसायचा. पाणी बोटभर चढलं की हे बोटभर चढवायचे. एका जोडीने, मी बघत होते, घरटं चांगलं वीतभर वर नेलं असेल. पाऊस पडला, तळं जरा भरलं, तर ह्यावर निभतं त्यांचं. उधाणावर नाही.

आजी पळत आली. तिने भगदाडाकडे बघितलं, मग उघाडीकडे गेली आणि फळ्या ठोकायला लागली. पाणी येत होतं दुसरीकडून, आणि ती उघाडीच्या फळ्या ठोकत होती. मी ओरडले, “आजी, त्याचा उपयोग नाही.” ती म्हणाली, “गप.” आणि ठोकत राहिली.

मग ती थांबली आणि दोघी आत उतरलो. कमरेपर्यंत पाणी होतं. समोरच्या घरट्यातला उठला. पंख घासटला नाही की लंगडला नाही, नुसता उडून बाजूला गेला आणि पोहता येत नसल्यासारखा, पाय खाली सोडून पाण्यावर घिरट्या घालत राहिला. अंडी तरंगत होती. मी एक उचललं. गरम होतं.

आजीने ते माझ्या हातातून घेतलं, कानाला लावलं. “ताजा अंडा बुरतं,” ती म्हणाली. “तरंगलं म्हंजे आत पिल्लू तयार झालेला. दोन-चार दिवसांचा काम व्हता.”

आम्हाला अकरा अंडी सापडली. ती बांधावर गवतात ठेवली, आणि लांब जाऊन बसलो, की येतील. एक मादी आली. पोट भिजवून आली. त्या गवताजवळ उतरली, अंड्यांकडे बघितलंही असेल. मग उडून जिथे घरटं होतं तिथे पाण्यावर गेली, खाली पाय सोडले, पाय टेकेनात, परत उडाली. असं ती किती वेळा करत होती ते मी मोजलं नाही. आजी म्हणाली, “तिला जागा ठाव हाय. अंडी आपन हलवली, जागा नाय हलवता येत.” चारच्या सुमाराला कावळे आले. आम्ही हाकलले. मग आजीला बाजारात जायचं होतं. ती उठली, पाटी घेतली, आणि जाताना मला एवढंच म्हणाली, “तू सांगीतला नाय का त्यांना?”

मी म्हणाले, एकाला सांगितलं, बाकी कोणाला नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. “पत्रक काढायच्या आधी त्या बाईला कोणी विचारलेलं?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून ताटातला भात तसाच ठेवून हात धुतला.

तिवरं हिरवी झाली. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी परत अर्धंच सांगते असं होईल. पावसाळ्यानंतर तिथे नवी रोपं आली, दादा तिथे पाहुण्यांना नेतो आणि त्याचं काही चुकत नाही. खार आता खाडी आहे. शेकाटे तिथे उतरत नाहीत. आजीची उघाडी अजून उभी आहे, दोन्ही बाजूंना पाणी असलेलं दार. ती आता बाराही महिने दुसऱ्याची मासळी विकते. मी दोनदा तिच्याकडून कोलंबी घेतली. तिने ओळख दिली नाही, पण सोलून मात्र दिली.

आता ऐका. कल्याणच्या बाजूला अजून एक असाच खार आहे. तिथेही तिवरं पिवळी आहेत, तिथेही उघाडी आहे, ती सांभाळणारा एक म्हातारा आहे. हा चैत्र लागल्यावर मी जाऊन आले. चार घरटी मोजली, लांबून. आणि आमच्या गटाने तिथल्या बांधासाठी पत्रक छापलंय. मजकूर माझाच, गावाचं नाव बदललेलं. सोबत व्हिडिओही तोच फिरतोय, तोच शेकाट्या, तोच पंख, खाली माझीच ओळ. मी विरोध केला तर दादा म्हणाला, “तू इमोशनल झालीयेस.” दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

ते पत्रक तुमच्या सोसायटीत येणार आहे. आणणारी पोरं चांगली आहेत, मी त्यांच्यातलीच. त्यांना घरात घ्या, पाणी द्या, पण सही करू नका. त्यांना सांगा, आधी मला त्या बांधावर घेऊन चल आणि उघाडी सांभाळणाऱ्याला माझ्यासमोर विचार, पाणी कधी सोडायचं. तो आषाढ म्हणाला तर कागदावर आषाढ लिहून घ्या आणि मग सही करा. व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला लिहा की पक्षी धडधाकट आहे आणि अंडी त्याच्या मागे आहेत. हे आज करा. येती अवस वैशाखाचीच आहे.